मी जामनेरची आत्या नव्हे

जाहीर निवेदन. तमाम खान्देशवासीयांस, आणि विशेषतः साक्री व जामनेर या दोन तालुक्यांतील उपवर मुलामुलींच्या आईवडिलांस, या लेखाद्वारे कळविण्यात येते की, प्रस्तुत लिहिणारी बाई, वय वर्षे त्रेपन्न, राहणार जळगाव, ही कोणत्याही नवऱ्या मुलाची आत्या नाही, पूर्वी कधी नव्हती आणि पुढे होण्याची चिन्हंही दिसत नाहीत. सदर बाईने साक्री तालुक्यातील एका घरी बसून दोन बशा पोहे खाल्ले, हे खरे आहे. ते नेमक्या कोणत्या नात्याने खाल्ले याबद्दल गावात गैरसमज झाला, हेही खरे आहे. कोणाची हरकत असल्यास त्यांनी पुढील मजकूर वाचून मगच ती घ्यावी.

आता नीट सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. म्हणजे माझी हयात लोकांची दारं वाजवण्यात गेली. शिकवणं उरलेल्या वेळात. जनगणना, मतदारयादी, पोलिओचे डोस, शौचालयांची मोजणी. नोकरी मुदतीआधी सोडली, तेव्हा वाटलं, आता दारं वाजवायची नाहीत. दोनच महिन्यांत हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात एका संशोधन प्रकल्पाला घरोघर फिरणाऱ्या बायका हव्या आहेत असं कळलं आणि मी उडी मारली.

प्रकल्प होता कॅन्सरचा. पण आजाराचा नव्हे, आजारानंतरचा. ज्यांचे उपचार पूर्ण झाले त्या बायका पुढे जगतात कशा, कामं करतात का, वर्षाच्या तपासणीला येतात का, येत नसतील तर का येत नाहीत, हे विचारायचं. मला हे फार आवडलं. बाई दवाखान्यातून घरी आली की आपल्याकडे सगळ्यांच्या लेखी गोष्ट संपते. पुढे कोणी विचारत नाही.

प्रशिक्षण जळगावला झालं. हळू आवाजात बोलणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस आम्हाला फिरून फिरून एकच नियम शिकवला. आजाराचं नाव दारात काढायचं नाही, शेजाऱ्यांसमोर काढायचं नाही, घरच्यांसमोरही काढायचं नाही. जिचं नाव यादीत आहे तिच्याशीच, ती एकटी असताना बोलायचं. गाडी घरापासून लांब लावायची. कोणी विचारलंच तर 'एका कामासाठी आलेय' एवढंच म्हणायचं. नियम उत्तम होता. फक्त डॉक्टरीणबाई कधी खेड्यात राहिल्या नसाव्यात. काम न सांगणारी अनोळखी बाई गावात शिरली की गाव तिला काम नेमून देतं.

माझ्या यादीत शेवटचा रकाना होता 'संपर्क तुटला'. त्यात साक्री तालुक्यातल्या एका बाईचं नाव होतं. डाव्या स्तनाचं ऑपरेशन, पुढचे सगळे उपचार पूर्ण, त्याला चार वर्षं झालेली. पहिली दोन वर्षं ती धुळ्याला तपासणीला नेमाने आली. नंतरची दोन वर्षं आलीच नाही. फोन लावला तर बंद. ती कुठे आहे, बरी आहे का, का येत नाही, हे बघायला मला पाठवलं.

एप्रिल होता. गाव साक्रीच्या पश्चिमेला, जिथून डोंगर सुरू होतात त्या अंगाला. नाव सांगणार नाही, नियम म्हणजे नियम. आम्ही आठवडाभर साक्रीच्या एका लॉजवर मुक्कामाला होतो, तिथे नळाला दोन दिवस पाणी नव्हतं आणि माझ्या धुवट साड्या संपल्या होत्या. उरली होती ती जरीच्या काठाची, कुठे मोठी मीटिंग निघालीच तर म्हणून आणलेली. ती नेसून मी निघाले.

गाडी बसथांब्यापाशी ठेवली. आमच्या ड्रायव्हरदादांना बजावलं, कोणी काही विचारलं तर जास्त बोलायचं नाही. दादा आज्ञाधारक. मी पाठ फिरवताच चहावाल्याने विचारलं, तर म्हणे, "मॅडम जळगावकडून आल्यात. एका घराची चौकशी करायचीय. जास्त विचारू नका."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण आमच्याकडची पद्धत अशी, की स्थळ आलं की मुलाकडचं एखादं मोठं माणूस आधी गुपचूप गावात येतं. आपण कोण हे सांगत नाही. पारावर, दुकानात, गिरणीवर त्या घराबद्दल सहज म्हणून विचारतं आणि निघून जातं. आणि मी ज्या घरी निघाले होते, त्या घरच्या मुलीला आठच दिवसांपूर्वी जळगाव जिल्ह्यातून, जामनेरकडून स्थळ आलं होतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

पारावर एक आबा बसले होते, ऐंशीच्या पुढचे. मी त्यांना घर डाव्या हाताला की उजव्या, एवढंच विचारलं. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, साडीच्या काठावर जरा जास्तच थांबले, आणि म्हणाले, "घर चांगलं शे. आनि त्या घरनी बाईले कधी सर्दी भी झायी नही." डावं की उजवं ते मात्र सांगितलं नाही.

पुढे किराणा दुकान. दुकानदार मारवाडी, चार पिढ्यांपासून त्याच गावात. त्यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली, न मागता थंड बाटली उघडून हातात ठेवली आणि शुद्ध मराठीत सांगितलं, की त्या घरचा सगळा किराणा आपल्याकडून जातो, पण वीस वर्षांत त्या घरच्या बाईसाठी डोकेदुखीची गोळीसुद्धा कधी गेली नाही. मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, लिहून घ्या हवं तर. मी चमकले. लिहून घेणारी बाई मी आहे, हे यांना कसं कळलं?

गिरणीपाशी पिठाने पांढरी झालेली एक बाई पट्टा चालू तसाच ठेवून बाहेर आली. मी तोंड उघडायच्या आधी तिने सांगितलं, की त्या घरची बाई ज्वारीची अख्खी गोणी एकटी उचलते. पुरुषासारखी ताकद. दृष्ट लागू नये.

मी मतदारयादीच्या कामात एक गोष्ट शिकले होते. ज्या घरी न विचारता सांगतात की आमच्याकडचे सगळे हयात आहेत, तिथे हमखास एक नाव कमी करावं लागतं. माझ्या मनात किडा वळवळायला लागला. घराची वाट विचारली तर गाव मला तब्येतीचे दाखले देतंय. तेही घरातल्या एकाच माणसाचे. नवरा धडधाकट आहे असं कोणी म्हणालं नाही. म्हातारी सासू आहे, तिच्या गुडघ्यांबद्दल अवाक्षर नाही. फक्त ही एक बाई, आणि तिला म्हणे शिंकही येत नाही. मी मनात म्हटलं, ही माणसं माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. आणि त्यांच्या नजरेवरून दिसत होतं, की मी त्यांच्यापासून काहीतरी लपवतेय याची त्यांना खात्री आहे. दोन्ही पक्षांचं बरोबर होतं.

मी घरी पोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. ओटा झाडलेला, सतरंजी अंथरलेली, आणि आत कांदा परतल्याचा वास. सासूबाई दारातच उभ्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, "या, बठा" म्हणाल्या. कुठून आलात, हे विचारलं. मी जळगावहून म्हटलं. त्यांनी मान डोलावली, जणू पुढचं सगळं त्यांना ठाऊकच होतं. मी म्हटलं, मला तुमच्या सुनेला भेटायचंय. त्या म्हणाल्या, भेटाल की, घाई काय आहे, आधी पोहे घ्या. मुलगी बशी घेऊन आली. विशीबाविशीची, डोकं खाली, नजर बशीवर. मी तिला धीर द्यायला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. शिक्षिकेची सवय, पोर दिसली की इयत्ता विचारायची. सासूबाई आणखी ताठ बसल्या. दुसरी बशी आली. नाही म्हणण्याचा माझा स्वभाव नाही.

मग ती आली, जिच्यासाठी मी आले होते. अठ्ठेचाळीसच्या आसपासची, हसऱ्या तोंडाची. पण एप्रिलच्या त्या उन्हात तिने मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं. डावी बाही उजवीपेक्षा घट्ट बसली होती.

"मनी सून कामले वाघीन शे," सासूबाई म्हणाल्या.

हे वाक्य ऐकताच ती उठली, कोपऱ्यातला पाण्याने भरलेला तांब्याचा हंडा तिने डाव्या हाताने उचलला, अंगण ओलांडून मोरीपर्यंत नेला आणि ठेवला. परत येऊन बसली. चेहऱ्यावर हसू तसंच. फक्त वरच्या ओठावर घाम.

माझ्या हातातला चमचा थांबला. या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढतात. त्या बाजूच्या हाताने पुढे जन्मभर जड उचलायचं नसतं, नाहीतर हात सुजतो आणि सूज उतरता उतरत नाही. हे आम्हाला प्रशिक्षणात चित्रं दाखवून शिकवलं होतं. दवाखान्यात तिलाही कोणीतरी सांगितलं असणारच. आणि तरी तिने मुद्दाम, निवडून, त्याच हाताने हंडा उचलला होता. माझ्यासमोर. मला दाखवायला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी इथे कोण आहे. ओट्यावरची स्वच्छ सतरंजी, मुलीची खाली घातलेली मान, दुकानदाराची थंड बाटली, सगळं एकदम जागच्या जागी बसलं.

खरं म्हणजे तिथल्या तिथे उठून मी आत्या नाही म्हणायला हवं होतं. पण मग कोण, असं विचारलं असतं. अंगणात तोवर शेजारच्या चार बायका काहीबाही मागायच्या निमित्ताने येऊन टेकल्या होत्या. त्यांच्यासमोर मी काय सांगणार होते? मला तिला एकटीला गाठायचं होतं, आणि गाठण्याचा हक्क त्या घरात त्या क्षणी एकाच माणसाला होता. मी पदर सावरला, आवाज खर्जात नेला आणि म्हटलं, "मला तुमचं स्वयंपाकघर बघायचंय. हिच्याबरोबर. बाकी कोणी येऊ नका."

सासूबाईंच्या मनात काही शंका उरली असेल तर ती मिटली. एवढा आगाऊपणा वरपक्षाशिवाय कोण करणार?

आत गेल्यावर मी दार लोटलं आणि पिशवीतून ओळखपत्र काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही जामनेरच्या नाहीत?"

"नाही."

"मग दोन दोन बशा पोहे कशाला खाल्ले?"

ती खाली पाटावर बसली, उजव्या हाताने डावा हात धरला आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मग तिने सांगायला सुरुवात केली. आपलं नाव दवाखान्याच्या कुठल्या यादीत आहे, ती यादी कोणाकोणाच्या हातात जाते, हे तिने आधी मला तीन वेळा विचारलं. तिचा विश्वास बसेना. मीही तिच्या जागी असते तर ठेवला नसता.

ऑपरेशनच्या वेळी गावाला सांगितलं होतं, पित्ताशयात खडे झालेत. पुढच्या औषधांनी केस गेले, तेव्हा सांगितलं, तिरुपतीला जाऊन नवसाचे केस दिले. मग लोक प्रसाद मागायला लागले. नवऱ्याने धुळ्याहून मोठे लाडू आणले आणि तिने ते डोक्यावरून पदर घेऊन घरोघर वाटले. हे सांगताना ती जरा खुलली. दोन वर्षं सगळं निभावलं. मग तपासणीच्या रांगेत तिला शेजारच्या गावचा एक माणूस दिसला. त्याने बघितलं की नाही कोण जाणे, पण तिने तेव्हापासून जाणं सोडलं, फोनचा नंबरही बदलला. मुलगी लग्नाची. आईला हा आजार आहे म्हटल्यावर लोक मुलीच्याही अंगात तो शोधणार.

आणि आता महिनाभर काखेत काहीतरी लागत होतं. छोटं, शेंगदाण्याएवढं. तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लग्न लागू दे, मग बघू, असं ठरवलं होतं. लग्न अजून ठरलंही नव्हतं.

मी प्रश्नावली काढली, कारण मला दुसरं काय करावं ते सुचेना. थकवा येतो का, अजिबात नाही, थोडा, बराच, फार? झोप लागते का? तिने सगळ्याची चोख उत्तरं दिली. एक प्रश्न होता, तुमच्या आजाराबद्दल किती जणांना माहिती आहे. ती म्हणाली, तिघांना. मी, नवरा, सासू. मुलीलाही नाही. मी तीन लिहिलं. लिहिताना मला पारावरचे आबा आठवले आणि पेन जरा अडखळलं. ज्या बाईला कधी सर्दी झाली नाही, तिला सर्दी होत नाही हे सांगायची एवढी काळजी एखादं गाव का घेईल? पण तिला मी काही बोलले नाही. चार वर्षं तिने तो पदर सावरून धरला होता.

गुरुवारी धुळ्याला तपासणीचा दिवस होता. नवरा सोबत आला तर लोक विचारतील, आणि एकटी तर मी येणार नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मी येते. गावात सांगायचं, डोळ्यांचा नंबर काढायला चाललेय. मी कोण म्हणून विचारलं तर तिच्या मामेबहिणीची नणंद. बाहेर येऊन तिने अंगणाला हे नातं सांगितलं. चारही बायकांनी ऐकून घेतलं, आणि चौघींचा विश्वास बसला नाही हे चौघींच्या तोंडावर दिसलं.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून पुढचं आधीच सांगून टाकते. धुळ्याला तिला सुई टोचून तपासलं. आठ दिवसांनी निकाल आला, गाठ साधी होती. हाताची सूज मात्र वजनं उचलून उचलून वाढवलेली, त्यासाठी डॉक्टरांनी तिला असं झापलं की मीच खाली बघत बसले. जामनेरकरांना तिने पुढे काय सांगितलं, कधी सांगितलं, हे मी विचारलं नाही; ते माझ्या प्रश्नावलीत नव्हतं. पत्रिका मात्र मला आली.

पण मला सांगायचाय तो गुरुवारचा बसथांबा.

सकाळी सातची बस. ती घाबरून अर्धा तास आधीच येऊन उभी होती. मी साक्रीहून येऊन तिच्या शेजारी उभी राहिले, या वेळी साध्या सुती साडीत. हळूहळू माणसं जमायला लागली. दुकान न उघडताच किराणावाले आले. गिरणीवाली आली, आज पीठ न लागलेली, वेणी घातलेली. अंगणातल्या त्या चौघींपैकी तिघी आल्या. आबा धुतलेलं धोतर नेसून काठी टेकत आले. यांपैकी एकाच्याही हातात पिशवी नव्हती. धुळ्याला कोणी चाललेलं दिसत नव्हतं.

मला त्या घोळक्याचा संशय येत होता. तिला तर यायलाच हवा होता. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, कोणाला काही कळलं नाही ना? मी म्हटलं, अजिबात नाही.

कुठे निघालीस, असं गिरणीवालीने विचारलं. डोळे दाखवायला, तिने सांगितलं. मग डोळ्यांवर असं काही बोलणं झालं, की ऐकत राहावं. उन्हाने डोळे जातात, असं दुकानदार म्हणाले. चुलीच्या धुराने जातात, असं गिरणीवाली म्हणाली. एकीने आपल्या भावजयीच्या मोतीबिंदूची हकिकत लांबवत लांबवत सांगितली. सगळे गंभीर चेहऱ्याने माना हलवत होते. तिच्या डाव्या हाताकडे कोणीही बघत नव्हतं, इतकं ठरवून की मला ते दिसलं. तिच्या खांद्यावरची पिशवी कोणीतरी सहज म्हणून उतरवून माझ्या खांद्यावर टाकली.

बस आली. ती पुढे झाली, दांडा उजव्या हाताने धरला, एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात आबांना राहवलं नाही. काठी उंचावून ते सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"माय, दवाखानानी फाईल लिधी का? मांगला येळले घरच राही गयथी."